घरातील विजेची पेटी वाचा

(साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



गेले सहा महिने तुम्ही रात्रीच्या वर्गाला आलात. दिवसभर रानात राबलात, जनावरांच्या धारा काढल्यात, भाकरी थापल्यात, आणि मग पाटीवर अक्षरे गिरवलीत. आज तुम्हाला एसटीची पाटी वाचता येते. रेशनकार्डावरचे नाव वाचता येते. अंगठ्याच्या जागी सही करता येते. ही मोठी गोष्ट झाली.

आमच्या सातारा जिल्ह्याला या कामाची जुनी सवय आहे. १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम याच जिल्ह्यात सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर झाली. पुढे ती मोहीम साऱ्या महाराष्ट्रात गेली. तुम्ही त्याच वाटेने आलात.

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात, सोप्यात किंवा दारामागे, मीटरजवळ एक पेटी आहे. तिच्यात खटके आहेत. खटक्यांवर अक्षरे आहेत, आकडे आहेत. ती तुम्ही कधी वाचलीत का?

कोणाचाच हात वर झाला नाही. लाजू नका. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांना वाचायला शिकवले. पण आमच्या घरची पेटी आम्हीही वाचली नव्हती. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली. ती गोष्ट पुढे सांगूच. आधी पेटीची ओळख करून घेऊ.

वीज आली, पण ओळख झाली नाही

आमच्या लहानपणी घरोघर कंदील असे. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काचेचा कारखाना होता. तिथला प्रभाकर कंदील घरोघर टांगलेला असे. कंदिलाला काय सोसते, काय सोसत नाही, हे घरातल्या पोरालाही कळे. काच गरम असताना हात लावू नये. वात जास्त वर करू नये. तेल भरताना जाळ जवळ नको. हे शिकवायला मास्तर लागला नाही. जाळ डोळ्यांना दिसत होता.

मग कोयना आली. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात धरण बांधले. तिथले पाणी डोंगरातल्या बोगद्यातून कोकणच्या अंगाला पोफळीला सोडले, आणि डोंगराच्या पोटात वीजघर उभे राहिले. १९६२ साली तिथे वीज तयार होऊ लागली. आता कोयनेची वीज आणि इतर अनेक केंद्रांची वीज एकत्र होऊन तारांतून गावोगाव येते.

कंदील गेला, बल्ब आला. पण एक फरक पडला. कंदिलाचा जाळ दिसतो. तारेतली वीज दिसत नाही. तिला वास नाही, धूर नाही, आवाज नाही. साप दिसला तर माणूस मागे सरतो. वीज दिसतच नाही, मग मागे सरणार कसा? म्हणून विजेवर पहारा ठेवावा लागतो. तो पहारा म्हणजे ती पेटी.

पाटाचे पाणी आणि धनगराची मेंढरे

तुम्ही पाटाचे पाणी रानाला देता. दारे मोठे फोडले तर जास्त पाणी येते. सरी लहान असेल तर ती फुटते. विजेचेही असेच आहे. तारेतून किती वीज वाहते, ते अँपिअर या मापाने मोजतात. तार बारीक आणि वीज जास्त झाली, की तार तापते. तापली की तिच्यावरचे आवरण वितळते. मग ती ठिणगी टाकते. आढ्याला लाकूड आहे, माळ्यावर वैरण आहे. पुढे काय होते, ते सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. वीज एका तारेने घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. येणाऱ्या तारेला फेज म्हणतात. परत जाणाऱ्या तारेला न्यूट्रल म्हणतात. जेवढी वीज आली, तेवढी परत गेली पाहिजे.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत धनगर मेंढरे राखतो. सकाळी वाड्यातून शंभर मेंढरे बाहेर काढली. संध्याकाळी मोजली. नव्व्याण्णव भरली तर तो स्वस्थ झोपेल का? एक मेंढरू कुठेतरी गेले. लांडग्याने नेले, किंवा विहिरीत पडले. विजेचेही तसेच. गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे मधेच कुठेतरी गळाली. पत्र्यातून गळाली, ओल्या भिंतीतून गळाली, किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली.

हे दोन धोके नीट लक्षात ठेवा. पहिला धोका, तार तापणे. दुसरा धोका, वीज गळणे. दोन धोक्यांना दोन वेगळे पहारेकरी आहेत. एकाचे काम दुसरा करत नाही. आजच्या भाषणात एवढी एक गोष्ट जरी घरी नेलीत, तरी आमचे बोलणे कारणी लागले.

पहिला पहारेकरी: तारेचा राखणदार

पूर्वी पेटीत चिनीमातीचा फ्यूज असे. त्यात बारीक तार असे. वीज जास्त झाली की ती तार वितळे आणि पुरवठा बंद होई. आपण म्हणायचो, "फ्यूज उडाला." काही घरांत तो अजून आहे. त्याच्या जागी आता खटका आला आहे. त्याला एम.सी.बी. म्हणतात. वीज जास्त झाली की तो आपोआप खाली पडतो.

तो ओळखायचा कसा? तो अरुंद असतो, जेमतेम एक बोट रुंद. त्यावर एकच दांडी असते. त्याच्या अंगावर एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडा असतो. अक्षर बहुधा सी असते. सी म्हणजे उजवीकडे तोंड उघडलेली चंद्रकोर. कधी बी असते. बी म्हणजे उभी काठी आणि तिला उजवीकडे दोन पोटे. पुढचा आकडा ६, १०, १६, २० किंवा ३२ असतो. तो इंग्रजीत लिहिलेला असतो. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काठी. इंग्रजी सहा म्हणजे खाली गोल पोट आणि वर शेपूट. चंद्रकोर, काठी आणि शेपूटवाले पोट दिसले, तर वाचा: सी सोळा. म्हणजे हा खटका सोळा अँपिअरचा.

दिवे आणि पंखे यांच्या ओळीला ६ किंवा १० चा खटका पुरतो. मोठ्या प्लगच्या ओळीला १६ चा लागतो. खटका हा तारेच्या जाडीला जुळवलेला असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला १० पेक्षा मोठा खटका नको. अडीचच्या तारेला १६ चा चालतो.

घरात काय होते ते बघा. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा. इस्त्री १००० वॅटची. घरातली वीज २३० व्होल्टची. रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, इस्त्री सव्वाचार ओढते. दोन्ही मिळून पावणेअकरा झाले. दोन्ही सहाच्या ओळीवर लावले, तर थोड्या वेळाने खटका पडतो. तो बिघडला म्हणून पडत नाही. तो आपले काम करतो.

पण माणूस काय म्हणतो? "ह्यो खटका सारखा पडतुया. मोठा बशीव की!" आणि सहाच्या जागी बत्तीसचा बसवतो. चिनीमातीचा फ्यूज असेल तर त्यात जाड तांब्याची तार घालतो, चार पदर करून. आता खटका पडत नाही, फ्यूज उडत नाही. पण तार बारीकच राहिली. आता भिंतीतली तारच फ्यूज झाली. जळेल तर तीच जळेल. मोठा खटका बसवायचा असेल, तर आधी तार जाड घाला. ते काम वायरमनचे.

दुसरा पहारेकरी: माणसाचा राखणदार

आता नीट ऐका. हा जो तारेचा राखणदार आहे, तो माणसाला वाचवत नाही. फार थोड्यांना हे ठाऊक असते. घरात एम.सी.बी. आहे, मग शॉक बसणार नाही, असे लोक समजतात. ते खोटे आहे.

हिशेब करू. तुम्हाला आता गुणाकार येतो. एका अँपिअरचे हजार मिलिअँपिअर होतात. म्हणजे सोळा अँपिअरचे झाले सोळा हजार. अंगातून एक मिलिअँपिअर वीज गेली तर मुंग्या येतात. दहा-पंधरा गेली तर हाताची मूठ मिटते आणि सुटत नाही. तीसच्या वर गेली आणि थोडा वेळ वाहत राहिली, तर श्वास आणि काळीज धोक्यात येते. माणूस मरायला सोळा हजार लागत नाहीत. त्याच्या पाचशेव्या हिश्शानेही तो मरतो. तेवढ्याने सोळाचा खटका हलतसुद्धा नाही. माणूस तारेला चिकटलेला असतो आणि खटका शांत उभा असतो.

म्हणून दुसरा पहारेकरी लागतो. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. नाव अवघड आहे. तुम्ही त्याला 'बटणवाला खटका' म्हणा. तो धनगरासारखा आहे. गेलेली वीज आणि आलेली वीज तो सारखा मोजत असतो. तीस मिलिअँपिअर कमी भरली की तो पडतो, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पडतो. शॉक जाणवतो, पण जीव वाचतो.

तो असा ओळखा. तो एम.सी.बी.च्या दुप्पट रुंद असतो. घरात तीन फेज असतील तर चौपट. त्याच्यावर एक लहान बटण असते. बटणावर इंग्रजी टी असतो. टी म्हणजे उभ्या काठीच्या डोक्यावर आडवी काठी. शेजारी ३० एम.ए. किंवा ०.०३ ए असे छापलेले असते. आकडा तीसच असावा. शंभर किंवा तीनशेचाही मिळतो, तो आगीपासून राखण करायला असतो. माणसासाठी तीसचाच.

पेटीत आणखी एक रुंद खटका असू शकतो. त्याला बटण नसते, चंद्रकोरही नसते. तो नुसता मेन खटका. तो आपण हाताने पाडायचा. तो आपण होऊन कधी पडत नाही. रुंद खटका दिसला म्हणून राखणदार आहे असे समजू नका. बटण शोधा. काही पेट्यांत एकाच खटक्यावर सी सोळाही असते आणि टीचे बटणही असते. तो दोन्ही कामे करतो.

या बटणवाल्यालाही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर वीज अंगातून जाऊन पुरी परत येते. मेंढरे सगळी भरतात. धनगराला वाटते, सारे ठीक आहे. तो पडत नाही. म्हणून पहारेकरी आहे या भरवशावर तारेशी खेळू नका.

आमच्या घरची गोष्ट

आता आमची गोष्ट. आम्ही निवृत्त झालो आणि चार खोल्यांचे घर बांधले. मागे परड्यात गोठा केला. वायरमन जाणता होता. त्याने पेटीत बटणवाला खटका बसवून दिला. "गुरुजी, ह्येला हात लावू नगा," एवढे सांगून गेला. आम्ही मान हलवली. त्याला विचारले मात्र नाही, की हे काय आहे.

पावसाळा आला. तो खटका पडू लागला. पाऊस पडला की खटका पडे. ऊन पडले की उभा राही. घरच्या मंडळींची कुरकुर सुरू झाली. फ्रीजमधले दूध नासले. आळीतला एक पोरगा विजेची बारीकसारीक कामे करायचा. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यो खराब झालाय. काढून टाकू आन् डायरेक जोडू." आम्ही म्हणालो, "जोड." एका शब्दात सांगितले. जन्मभर मुलांना 'विचार करून उत्तर द्या' म्हणून सांगणारे आम्ही!

दोन महिने सुखाचे गेले. खटका पडेना. आम्ही त्या पोराचे कौतुक केले.

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर पाऊस झाला होता. आमच्या घरातून धार काढायला गोठ्याकडे निघाल्या. तेवढ्यात म्हैस दावणीला धडपडली आणि पत्र्याला टेकून खाली कोसळली. पाय झाडू लागली. सौभाग्यवती हातातली चरवी टाकून तिच्याकडे धावल्या. कोणीही धावेल. लेकरासारखी वाढवलेली म्हैस, सहा महिन्यांची गाभण.

आम्ही सोप्यातून ओरडलो, "शिवू नका!" काय सुचले कोणास ठाऊक. त्या थांबल्या. म्हशीच्या अंगापासून त्यांचा हात वीतभर लांब होता. आम्ही धावत जाऊन मेन पाडला. म्हैस गेलेली होती. आणखी एक पाऊल पुढे पडले असते, तर त्या दिवशी आमच्या दारात काय उभे राहिले असते, ते आम्ही आजही मनात आणत नाही.

मग जुन्या वायरमनला बोलावले. कडबाकुट्टीची वायर गोठ्याच्या पत्र्याच्या कडेवरून नेलेली होती. घासून घासून तिचे आवरण सोलले होते. पाऊस आला की सारा पत्रा जिवंत होई. आम्ही विचारले, "एवढी वीज पत्र्यात उतरली, मग सोळाचा खटका का पडला नाही?" तो म्हणाला, "गुरुजी, म्हस मरायला सोळा अँपिअर लागत न्हाईत." मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तो बटणाचा खटका पावसानं खराब झाला नव्हता. वायर सोलली हाय, हे तो तुम्हास्नी दोन महिने आधी सांगत होता."

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. सांगणारा सांगत होता. आम्ही त्याचे तोंडच बंद केले.

खटका पडला तर काय करावे

म्हणून खटका पडला की चिडू नका. तो काहीतरी सांगतो आहे, ते ऐका. पायात चप्पल, हात कोरडे, जमीन कोरडी असू द्या.

एम.सी.बी. पडला असेल, तर त्या ओळीवरची सगळी उपकरणे प्लगमधून काढा. दांडी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. राहिली, तर एकेक उपकरण लावत जा. ज्या उपकरणाने खटका पडतो, ते खराब आहे, किंवा एका ओळीवर ओझे जास्त झाले आहे. सगळे काढूनही खटका उभा राहत नसेल, तर दोष भिंतीतल्या तारेत आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका. वायरमन बोलवा.

बटणवाला पडला असेल, तर वीज गळते आहे. हीटर, मोटार, गोठ्यातली वायर, न्हाणीतला प्लग, ओली भिंत हे पाहा. उपकरणे तशीच एकेक करून तपासा. सापडेपर्यंत पत्र्याला, नळाला, कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावू नका. कपड्यांना लोखंडी तार बांधूच नका. सुती किंवा नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याच्या शेडला आणि विजेच्या खांबाला तर ती मुळीच बांधू नका. ओले कपडे वाळत घालताना आपल्या कितीतरी बायका अशा तारेने गेल्या आहेत.

आणि महिन्यातून एकदा, वीज असताना, टीचे बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला तर पहारेकरी जागा आहे. पडला नाही तर तो मेला आहे. तो बदला. दर पुनवेला दाबायचा नेम ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

अर्थिंग

तीन पायांच्या पिनेत वरचा पाय जाड आणि लांब असतो. तो अर्थिंगचा. उपकरणाच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती या पायातून जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये, म्हणून तो आहे. बटणवालाही मग तुमचा हात लागायच्या आधीच पडतो. तो पाय तोडून दोन भोकांच्या प्लगात पिन कोंबू नका. अर्थिंगची नळी जमिनीत सुमारे अडीच मीटर खोल जावी. तिच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत जा. हिरवी तार अर्थिंगची असते. पण जुन्या घरांत रंगावर विश्वास ठेवू नका. कोणी कोणत्या रंगाची तार कुठे जोडली असेल, ते सांगता येत नाही.

काय करावे, काय करू नये

बल्ब बदलणे, खटका वर करणे, बटण दाबणे, एवढे तुम्ही करा. प्लग, बटण, वायर, पेटी यांचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. वस्तू घेताना आय.एस.आय.ची खूण पाहा. खांब, डीपी, मीटर आणि खांबावरून घरात येणारी वायर महावितरणच्या माणसांची. तिथे आपण चढायचे नाही. आकडा टाकायचा नाही. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर पेन्सिलीने पेटीशेजारी लिहून ठेवा.

घरात काम चालू असेल तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवले असेल, तर ते बंद असूनही होल्डर जिवंत राहतो. मेन पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज तारेत असते. मग टेस्टर आधी जिवंत जागी लावून पाहा, तो पेटतो ना. मग कामाच्या जागी लावा. मग पुन्हा जिवंत जागी लावा. टेस्टरच बिघडला असेल, तर तो सगळीकडे अंधारच दाखवील.

आणि पाडलेल्या खटक्यावर एक कागद चिकटवा. त्यावर लिहा: "काम चालू आहे. खटका लावू नये." आता तुम्हाला लिहिता येते आणि घरातल्यांना वाचता येते. या सहा शब्दांनी एक जीव वाचू शकतो. साक्षरतेचा याहून मोठा उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.

कोणी चिकटला तर

त्याला हात लावू नका. प्रेमापोटी धरायला जाल, तर दोघे जाल. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभे राहून, कोरड्या लाकडी काठीने तार दूर करा. सुटल्यावर माणूस हलत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावा. तोवर त्याला उताणा ठेवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून जोराने दाबा. सुमारे दोन इंच खाली, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका. कांदा हुंगवणे, मातीत पुरणे यात वेळ घालवू नका.

रानात खांबावरची तार तुटून पडली असेल, तर काठीही लावू नका. तेहतीस फूट लांब राहा. जनावरे, पोरे अडवा. १९१२ ला कळवा.

पुराच्या दिवसांत

आम्ही कृष्णाकाठची माणसे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पूर येणार असे कळले, की धान्य वर ठेवतो, जनावरे सोडतो. त्याबरोबर आणखी एक काम करा. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत, कोरड्या पायाने मेन पाडा. पाणी घरात शिरल्यावर, पाण्यात उभे राहून पेटीला हात लावू नका. मग बाहेर पडा आणि खांबावरून पुरवठा बंद करायला कळवा.

पूर ओसरला की घर धुवायची घाई होते, दिवा लावायची घाई होते. मेन वर करू नका. भिंत वरून वाळते, पण आतली पट्टी ओलीच राहते. आधी वायरमनला दाखवा. पाण्यात बुडालेले खटके बदला, ते पुन्हा भरवशाचे राहत नाहीत. पुरातून वाचलेला माणूस घरी येऊन दिव्याच्या बटणावर जाऊ नये.

आजचा गृहपाठ

आम्ही मास्तर. गृहपाठ दिल्याशिवाय आमचे बोलणे संपत नाही.

आज घरी गेल्यावर पेटीपुढे उभे राहा. पोरांना बरोबर घ्या. कशालाही हात न लावता आधी नुसते वाचा. चंद्रकोर कुठे आहे? पुढचा आकडा किती? टीचे बटण आहे का? तीस लिहिले आहे का? मग कोणता खटका कोणत्या खोलीचा, ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवा: सोपा, चूल, न्हाणी, गोठा. रात्री अचानक गरज पडली, तर शोधाशोध नको.

बटण नसेल, तर पुढच्या पिकाच्या पैशातून पहिला खर्च त्याचा करा. म्हशीच्या किमतीपुढे तो फार थोडा आहे. माणसाच्या किमतीशी तर तोलूच नये.

आमच्या घरी आता नवा बटणवाला खटका आहे. गोठ्याची वायर नळीतून नेली आहे. पावसात तो एखादे वेळी पडतो. आता घरात कोणी कुरकुर करत नाही. सौभाग्यवतीच म्हणतात, "बघा हो, काय सांगतोय तो."

तुम्हीही त्याचे ऐका. जय हिंद!